गवत काढायचंय

माईंच्या हातून आजवर कुठलं काम बिघडलं नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगत असल्यामुळे खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण मध्यंतरी एकदा दूध करपलं आणि सुनेनं शेगडी ताब्यात घेतली. तेव्हापासून माई स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या, उसन्या आणलेल्या भांड्यासारख्या. स्वतःच्याच घरात!

त्या सकाळी कामावर निघता निघता मुलगा सुनेला म्हणाला, "संध्याकाळी साहेब यायच्या आत अंगणातलं गवत काढायला हवं. यंत्र तर बंद पडलंय."

माईंनी कान टवकारले. जिचं अर्धं आयुष्य उकिडवं बसून तण काढण्यात गेलं, तिला यंत्र कशाला? अंगण लख्ख दिसलं की सून मुकाट शेगडी सोडेल, असा त्यांनी बसल्या जागी बेत केला.

घर रिकामं होताच त्या खुरपं घेऊन बसल्या. एकेक झुबका मुळासकट उपटायचा, माती झटकायची, ढिगावर फेकायचा. गवत दाट, एकसारखं आणि हटवादी, अगदी सुनेच्या माहेरच्यांसारखं. कुंपणापलीकडे शेजारीण केव्हाची उभी होती. तुमचंही काढून देऊ का, असं माईंनी मोठेपणानं विचारलं. ती घाईघाईनं म्हणाली, आमचं राहू द्या, पण तुमचं छान चाललंय, थांबू नका. आणि आत जाऊन खुर्ची घेऊन आली.

संध्याकाळी मुलगा फाटकातच थिजला. समोर नुसती माती.

"माई, हे काय केलंस?"

"काढलं. तूच म्हणालास ना?"

"अगं, कापायचं होतं. वरच्यावर."

"मग कापायचं म्हणावं. मला काढणं म्हणजे काढणंच ठाऊक."

तेवढ्यात साहेब आले. बाग नव्यानं करताय वाटतं, म्हणाले. सून हसून हो म्हणाली. ते हसू माईंनी ओळखलं. त्याची वसुली पुढं व्हायची होती.

आठवड्यानं नवं गवत आलं, सतरंजीसारखं गुंडाळून. ते अंथरून झाल्यावर सुनेनं त्यात एक पाटी रोवली. माईंनी पायरीवर उभं राहून अक्षराला अक्षर जुळवलं: गवतावर पाय ठेवू नये.

"कुत्री फार येतात हल्ली," माई म्हणाल्या. "बरं केलंस."

सून आत जाता जाता थांबली.

"कुत्र्यांना वाचता येत नाही, माई."