दुकानात पळणारे जावई

डॉक्टरांनी कागदावर एकच शब्द लिहिला होता, "चाला." त्यापेक्षा गोळ्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कवळीवाल्यांना वाटलं. दिवसभर स्टुलावर बसून लोकांच्या कवळ्या घासायच्या हे त्यांचं काम. त्यात चालणं असं नव्हतंच.

शेवटी नवराबायको ट्रेडमिल घ्यायला गेले. कवळीवाल्यांच्या मनात साधं मशीन भरलं होतं. विक्रेत्याने मात्र इंटरनेटला जोडलेलं पुढे केलं.

"साहेब, हे तुमचं चालणं तुमच्या फोनवर नोंदवतं आणि घरातल्या एका माणसाला कळवतं."

"ते कशाला?"

"म्हणजे चुकवता येत नाही."

"बाबांचा नंबर घाला," बायको लगेच म्हणाली.

बाबा म्हणजे तिचे वडील, शाळेतले निवृत्त कवायत शिक्षक. वीस वर्षांत त्यांनी जावयाचं एकदाच कौतुक केलं होतं. "झोप छान लागते तुम्हाला," असं.

विक्रेत्याने दुकानातल्या मशीनवरच नाव-नंबर घालून कवळीवाल्यांना दोन मिनिटं चालवलं. दोन दिवसांनी तसंच नवं मशीन घरी आलं आणि त्याच नावाने सुरू झालं. दुकानातल्या मशीनवरचं नाव काढायचं मात्र सगळेच विसरले.

पहिल्या दिवशी कवळीवाले नऊ मिनिटं चालले आणि दमून कामाला गेले. संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, अकरा किलोमीटर? पहिल्याच दिवशी?"

सासऱ्यांनी चष्मा लावला नसेल, असं समजून कवळीवाले म्हणाले, "हळूहळू वाढवीन, बाबा."

ही नम्रता सासऱ्यांना फारच भावली.

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. कवळीवाले स्टुलावर बसलेले असताना त्यांच्याच फोनवर ते धावत होते. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मशीन चालवून बघत होतं आणि घाम जावयाच्या नावावर जमा होत होता. खरं सांगायला त्यांनी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा पलीकडून "बोला, पळणारे जावई" असं इतकं मायेने ऐकू आलं, की त्यांनी नुसती तब्येत विचारली.

रविवारी सासरे जेवायला आले. सुट्टीचा दिवस, म्हणजे दुकानात गर्दी. कवळीवाले पानात दुसऱ्यांदा वाढून घेत होते, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन किणकिणला.

"जावई पळायला लागले," सासऱ्यांनी वाचलं. मग समोर बघितलं. मग पुन्हा वाचलं. "वेग चौदा."

कवळीवाल्यांनी घास गिळला आणि सगळं सांगून टाकलं. सासरे पानावरून उठले. हात धुतले, चपला घातल्या आणि निघून गेले.

"चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कवळीवाले नाव काढायला दुकानात गेले. मशीनवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सासरे चालत होते.

"दहालाच आलेत," विक्रेता कुजबुजला. "गिऱ्हाइकांना चढूच देत नाहीत."

"बाबा, तुम्ही इथे?"

"सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्यांना मी रोज तुमचा आकडा वाचून दाखवतो," सासरे चालता चालता म्हणाले. "गुडघेदुखीवाल्या चौघांनी तो ऐकून चालायला सुरुवात केली. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"मी येऊन माफी मागतो."

"काही नको. नाव राहू दे. पण आकडा घरच्याच माणसाचा हवा. अर्धा मी, अर्धा तुम्ही." सासरे खाली उतरले. "माझे साडेपाच किलोमीटर झाले. चढा."

"पण बाबा, मशीन घरी आहे ना."

"घरी तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

सासऱ्यांनी खुर्ची ओढून घेतली. कवळीवाले मुकाट्याने चढले. विक्रेत्याने दया येऊन वेग तीनवर ठेवला. सासऱ्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि तो पाचवर नेला.