पातळी एक

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून लेइमाराला चार दिवस समुद्राकाठी पाय पसरून बसायचं होतं. तिचा नवरा कालोरिब राजधानीत, पोर्ट विलाच्या ज्वालामुखी-इशारा खात्यात उपसंचालक होता. सबब दोघं तान्ना बेटावर, एका जागत्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, बांबूच्या केबिनमध्ये उतरली. संसारात अशा तडजोडी होतात.

त्या डोंगराला गावातले लोक ‘म्हातारा’ म्हणत. म्हातारा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने खाकरे. केबिनची मालकीण नाविया केळीच्या पानात भाजलेला, किसलेल्या कंदांचा गरम लापलाप वाढत होती. खाकरल्याचा आवाज आला की ती वाढलेल्यावर दुसरं पान पालथं घाली, चिमूटभर काळी राख पडू देई, पान झटकी आणि बोलणं जिथे तुटलं तिथून पुढे सुरू करी.

“घाबरायचं काही कारण नाही,” कालोरिब बायकोला म्हणाला. “पातळी एक आहे.”

“म्हाताऱ्याला कळवलंय का तसं?”

कालोरिबला विनोद आवडला नाही. पातळ्यांचं कोष्टक हे त्याचं आयुष्यातलं मोठं काम होतं. शून्य म्हणजे निद्रिस्त, एक म्हणजे नेहमीचं, दोन म्हणजे सावध आणि तीनला माणसं हलवायची. त्यातल्या एका कलमावर त्याचा विशेष जीव होता: पातळी तीन जाहीर होण्याआधी गाव सोडणं म्हणजे घबराट पसरवणं, आणि घबराट पसरवणं हा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचा आवाज बदलला. खाकरणं थांबलं आणि पोटातून सलग घरघर सुरू झाली. केबिनच्या भिंती थरथरू लागल्या. नावियाने चुलीवरचं भांडं उतरवलं, चटया गुंडाळल्या आणि डुकरं सोडून दिली.

“चला पोरांनो, खाली समुद्राकडे,” ती म्हणाली. “माझा नवरा ट्रक काढतोय.”

“मावशी, घबराट पसरवू नका,” कालोरिब म्हणाला. “हे नेहमीचं आहे.”

“मी जन्मल्यापासून इथे राहते, बाबा. नेहमीचं कसं असतं ते मला माहीत आहे.”

एवढ्यात नारळाएवढा एक दगड सणसणत आला आणि न्हाणीघराचं छप्पर फोडून आत पडला. तिघंही धावली. दगड धुमसत होता.

“आता काय म्हणणं आहे?” लेइमाराने विचारलं.

कालोरिबने वाकून दगड पाहिला. “नियमाप्रमाणे, अधिकृत निरीक्षकाने हवेत असताना पाहिलेला दगड हाच ज्वालामुखीचा दगड. जमिनीवर सापडलेला तो नुसता दगड.”

“तू पाहिलास ना!”

“मी रजेवर आहे.”

हे बोलताना त्याचा आवाज जरा चिरकला, हे लेइमाराच्या लक्षात आलं. भीती त्यालाही वाटत होती. पण कोणत्या कलमाखाली वाटून घ्यावी, हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याने खात्यात फोन लावला. त्याचं काम तात्पुरतं सांभाळणारा तोआरा फोनवर आला.

“तोआरा, ताबडतोब पातळी तीन जाहीर कर.”

“साहेब, पातळी वाढवायला उपसंचालकांची मंजुरी लागते.”

“मीच उपसंचालक आहे!”

“तुम्ही रजेवर आहात, साहेब. रजेवरच्या माणसाला मंजुरी देता येत नाही. तुम्हीच काढलेलं परिपत्रक आहे. फार सुंदर भाषा आहे त्यात.”

“मग तू दे.”

“माझ्याकडे फक्त रोजची कामं आहेत. उद्रेक रोजच्यात बसत नाही.”

“मग माझी रजा रद्द कर!”

“त्यासाठी तुम्हाला इथे समक्ष यावं लागेल. आणि विमानं बंद आहेत, साहेब. तान्नावर राख फार आहे म्हणे.”

“राख आहे हे विमानवाल्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही?”

“त्यांना पातळ्या नाहीत ना, साहेब,” तोआरा हळहळून म्हणाला. “ते नुसतं खिडकीतून बघतात.”

बाहेर ट्रकचा भोंगा वाजत होता. मागच्या हौद्यात अर्धं गाव चढलं होतं. लेइमाराने नवऱ्याचा दंड धरून ओढलं. तो खांबाला धरून उभा राहिला. डोळ्यांत पाणी, कपाळावर राख. “मला येता येत नाही गं! खुद्द मीच पळालो तर कोष्टकाला अर्थ काय राहिला?”

दहा वर्षांत तिने याला हजारदा मूर्ख म्हटलं होतं. आज म्हणायला वेळ नव्हता. ती शाळेत शिकवत होती, आणि शाळा कशी रिकामी करतात हे तिला ठाऊक होतं.

“अरे, पळायचंय कुणाला?” ती म्हणाली. “सराव करू या. पातळी एकला सराव चालतो ना?”

कालोरिबचा चेहरा उजळला. “चालतो काय! करावाच असं म्हटलंय!”

पुढचं सारं त्याने इतक्या तडफेने केलं की लोक बघत राहिले. तो झोपडीझोपडीत ओरडत फिरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून ट्रकमध्ये बसवलं, मागे राहिलेल्यांसाठी ट्रकला आणखी दोन खेपा मारायला लावल्या आणि शेवटच्या खेपेत फळीला लोंबकळत स्वतः गेला. “छान! अगदी खरं वाटतंय!” असं तो सगळ्यांना वाटेत सांगत होता. गाव समुद्राकाठी पोचलं आणि मागे म्हातारा फुटला. केबिन, चूल, नावियाची बाग, सगळं तापल्या दगडांखाली गेलं. माणूस मात्र एकही दगावला नाही.

सरावाबद्दल कालोरिबला खात्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. नावियाने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा तिला कळवण्यात आलं की घटनेच्या वेळी पातळी एक होती. सबब केबिन ज्वालामुखीने पडलेली नसून अंगच्या अशक्तपणाने पडली आहे. त्या पत्रावर सही कालोरिबची होती. त्या दिवसापासून लेइमारा त्याच्याशी मोजकंच बोलू लागली. पुढच्या सुट्टीत ती एकटीच तान्नाला गेली आणि नावियाच्या नव्या छपरासाठी पानं विणत बसली.

परत आल्यावर शाळेच्या शिक्षक-खोलीत तिने हा किस्सा साभिनय सांगितला. तोआराचा आवाज काढला, खांबाला धरून रडणारा नवरा करून दाखवला. सगळे पोट धरधरून हसले. “काय एकेक माणसं असतात!” मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणाले.

तेवढ्यात जमीन हलली. कपाटाची दारं खडखडली, छतातून चुन्याची भुकटी पडली. हसणं थांबलं. सगळ्यांनी भिंतीवरच्या धोक्याच्या घंटेकडे पाहिलं. घंटा वाजत नव्हती. मग सगळ्यांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापक दाराकडे पाहत होते. लेइमाराही जागच्या जागी बसून होती, खुर्चीच्या कडा घट्ट धरून, कोणीतरी आधी उठेल म्हणून.

तुम्ही उठला असतात म्हणता? शंकाच नाही. पण आधी शेजारच्याकडे पाहिलं असतंत.