चालू म्हणजे बंद

कारध्याच्या मंदिरात दर एकादशीला मी प्रवचन करतो. ते नदीपलीकडे भंडाऱ्यापर्यंत पोचावे, एवढीच माझी इच्छा. मंडळाचे अध्यक्ष यादोराव यांनी बजावले होते, “गुरुजी, या वेळी आवाज पोचला नाही, तर पुढची एकादशी भजनवाल्याईले.”

नव्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. म्हणून भंडाऱ्याच्या परसरामकडून जुना अँप्लिफायर आणि दोन भोंगे घेण्याचे ठरवले. ते बनवणारी कंपनी तीस वर्षांपूर्वीच बुडाली होती.

“बंद कंपनीचा डबा कायले घेता?” पत्नी शकुंतलाबाईंनी विचारले.

“देह जातो, आत्मा राहतो.”

“मंग आत्मा बिघडला तर पार्ट कुठं भेटतीन?”

(या प्रश्नाकडे मी आध्यात्मिक दृष्टीने दुर्लक्ष केले.)

परसराम म्हणाला, “गुरुजी, असली स्विच भेटत नाही, म्हनून दुसरा लावला. तो उलटा बसला. याचं ‘चालू’ म्हनजे बंद, न ‘बंद’ म्हनजे चालू. चालू दाखवनारा दिवा तर कधीचाच गेला.”

मी त्याला सत्यावर अर्धा तास सुनावले. दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र घरी पोचवले. असत्य घरात नको, म्हणून मी बटणावरची ‘चालू’-‘बंद’ ही अक्षरे खरवडून त्यांची स्वहस्ते अदलाबदल केली.

एकादशीस भोंगे शिखरावर, नदीकडे तोंड करून बांधले. बटण ‘चालू’वर ठेवले. विषय : जिव्हेचा संयम. पाऊण तास बोललो. (समोरच्या सात श्रोत्यांना माझा मूळ आवाजच पुरतो.) मग बटण ‘बंद’ केले आणि माइकसमोरूनच पत्नीला म्हणालो, “शकुंतले, भूक लागून राहिली. माह्या वाटची शेंगदान्याची आमटी झाकून ठेव. यादोरावले दिसू देऊ नको.”

सकाळी भंडाऱ्यात गेलो. माणसे हात जोडत होती!

“गुरुजी, पयल्यांदाच पुरं समजलं!”

“थोडक्यात बोलले, पन मनातलं!”

परतताना यादोराव भेटले. “गुरुजी, आता साऱ्या एकादश्या तुमच्याच.” मी देवापुढे नारळ फोडला.

सायंकाळी परसराम डबा घेऊन आला. “गुरुजी, तुमी खरेपनावर बोलले, ते मनाले लागलं. यंत्र आनाच्या आंधीच म्या स्विच सुलटा करून टाकला.”

मी यंत्रावरच्या माझ्या अक्षरांकडे पाहिले.

“घरच्या बाईनं आमटी देल्ली,” तो हळूच म्हणाला. “झाका. यादोरावले सांगतलं नाही.”

तेवढ्यात फाटक वाजले. यादोरावांच्या हातातही डबा होता.

“गुरुजी, मले दिसू द्याचं नोहोतं ना? डोळे मिटूनच आनला.”