समाधानाचे नमुने

इमारतीची लिफ्ट बंद पडली, ही घटना कोणाच्याही लेखी विशेष नव्हती. लिफ्टवाचून माणूस मरत नाही, असे तळमजल्यावरील रहिवाशांचे मत होते आणि सोसायटीच्या सभेला वेळेवर पोचणारे तेच असल्यामुळे बहुमतही त्यांचेच झाले.

चौथ्या मजल्यावर टेलिफोनबाई राहत. एकतीस वर्षे टेलिफोन खात्याच्या तक्रार कक्षात काढल्यामुळे हे नाव त्यांना चिकटले होते. त्यांच्या यजमानांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. यजमानांची थोरली बहीण रस्त्यापलीकडे, समोरच्याच घरात. वय शहाऐंशी. रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन तासभर भांडून आल्याशिवाय यजमानांना जेवण गोड लागत नसे. लिफ्ट बंद पडल्यापासून बहीण-भाऊ आपापल्या खिडकीत उभे राहून फोनवर भांडत.

"फोनवर भांडण रंगत नाही गं," वन्सं बाईंना म्हणाल्या. "तोंड दिसलं पाहिजे. आणि मी काही आता फार दिवसांची नाही. त्या लिफ्टचं बघ काहीतरी."

बाईंनी शहरातल्या लिफ्टची देखरेख करणाऱ्या उद्वाहन निरीक्षण कार्यालयाला फोन लावला. तिथे तक्रारी ऐकण्यासाठी माणसाऐवजी संगणक प्रणाली नेमली होती. ती फुकट होती आणि खुली होती. म्हणजे तिच्या आत काय आहे ते कोणालाही पाहता येई, कोणालाही सुधारता येई आणि बिघडली तर जबाबदार कोणीच नसे. बाई म्हणाल्या, "नमस्कार, तसं सगळं ठीक आहे, पण आमची लिफ्ट..." प्रणाली म्हणाली, "आपण समाधानी आहात, हे ऐकून आनंद झाला." आणि फोन बंद झाला. असे तीनदा झाल्यावर बाई स्वतः कार्यालयात गेल्या.

"प्रणालीने अजून पुरेशा तक्रारी ऐकलेल्या नाहीत," कारकून म्हणाला. "लहान मुलासारखं असतं हे. उदाहरणं द्याल तसं शिकतं."

"मग द्या की उदाहरणं."

"आम्ही नुसते वापरणारे. पण प्रणालीचा प्रकल्प खुला आहे, कुणीही देऊ शकतं. तुम्हीसुद्धा."

"मी माझी तक्रार द्यायला आलेय."

"तेच म्हणतोय मी. एक देऊन काय होणार? दोनशे द्या."

बाईंना हे पटले, कारण तक्रार या विषयात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. माणूस सरळ तक्रार करत नाही, हे त्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकल्या होत्या. तो आधी सगळे ठीक असल्याचे सांगतो, मग त्रास दिल्याबद्दल माफी मागतो, मग समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करतो आणि चौथ्या वाक्याला घर पेटल्याचे कळवतो. अशी दोनशे उदाहरणे त्यांनी बारा दिवसांत टंकून काढली, प्रत्येकापुढे 'तक्रार' अशी खूण केली आणि प्रकल्पाकडे पाठवून दिली.

आलेली उदाहरणे तपासून आत घेणारा प्रकल्पाचा एक राखणदार होता. तो बिनपगारी असून हे काम फक्त रविवारी करी. त्याने आभार मानले आणि नियम कळवला: उदाहरण आठ शब्दांपेक्षा मोठे नसावे. बाईंनी त्याला फोन केला.

"अहो, आठव्या शब्दापर्यंत माणूस मुद्द्यावर येतच नाही."

"काकू, नियम सगळ्यांना सारखा. पण तुम्ही काळजी करू नका, आम्ही कापून घेतलंय."

कापलेली उदाहरणे दोन परीक्षकांपुढे गेली. आयुष्यात एकही तक्रार न केलेली माणसेच परीक्षक होऊ शकत, म्हणजे निःपक्षपातीपणाला बाधा येत नसे. त्यांनी पहिले उदाहरण वाचले: 'तसं सगळं ठीक आहे, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता.' बाईंची खूण खोडून त्यांनी 'समाधानी' अशी खूण केली. मग उरलेल्या एकशे नव्याण्णवांवरही केली.

"वाचून बघा ना तुम्हीच," राखणदार म्हणाला. "यात तक्रार कुठे आहे?"

"तुम्ही कापलीत ती."

"तुमची हरकत आपण नोंदवू. मात्र पुरावा लागेल."

पुरावा प्रकल्पाकडे होता, बाईंकडे नव्हता. दुकानात, बँकेत, दवाखान्यात काम आटोपले की पडद्यावर 'सेवा कशी वाटली?' असा प्रश्न येतो आणि खाली दोन चेहरे असतात. चाळीस लाख लोकांनी 'ठीक आहे' असे लिहिलेला हसरा चेहरा दाबला होता. 'ठीक आहे' म्हणणारा माणूस समाधानी असतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

"तो दाबल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही म्हणून दाबतात लोक," बाई म्हणाल्या. "रडका दाबला की कारण विचारत बसतो."

"पण दाबतात ना?"

बाईंची हरकत फेटाळण्यात आली.

सुधारलेली प्रणाली लागू झाल्यावर पहिल्याच महिन्यात सबंध शहरात एकही तक्रार आली नाही. तक्रारीच नसताना दुरुस्ती कसली, म्हणून कार्यालयाने लिफ्टचे दोन्ही मिस्त्री कमी केले. बंद लिफ्टच्या दाराला 'शंभर टक्के समाधान' असे प्रमाणपत्र डकवण्यात आले. तळमजल्यावरच्यांनी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढला.

त्याच आठवड्यात वन्सं खिडकीत यायच्या बंद झाल्या. त्यांची शेजारीण सांगून गेली, की अंथरूण धरलंय.

 यजमानांनी काठी घेतली आणि ते जिना उतरायला लागले. दर पाच पायऱ्यांना बाई मागून खुर्ची पुढे सरकवत. चार मजल्यांना दीड तास लागला. वन्संनी डोळे उघडून भावाकडे पाहिले.

"मी केव्हाची वाट बघतेय. आता भांडायला दम नाही रे. नुसता बस."

यजमान बसले. हात हातात घेऊन बसूनच राहिले. वन्सं तिसऱ्या दिवशी गेल्या. तीन महिन्यांच्या संध्याकाळी एका लोखंडी खोक्याने खाल्ल्या, याचा बाईंना असा संताप आला, की आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कार्यालयाला फोन लावून नमस्कारही केला नाही.

"लिफ्ट बंद आहे. आमचं माणूस भेटीसाठी झुरून गेलं. दुरुस्त करा."

 प्रणाली म्हणाली, "असे कोणी बोलत असल्याचे उदाहरण आमच्याकडे नाही. कृपया नेहमीसारखे बोला."

बाईंनी राखणदाराला गाठले. "माझी उदाहरणं काढून टाका. आणि योगदानकर्त्यांच्या यादीतून माझं नावही."

"तुमची काढून काही फरक पडणार नाही, काकू," तो खरोखरच हळहळला. "दोनशेच तर आहेत. प्रणाली शिकली ती त्या चाळीस लाखांकडून. त्यांचीही नावं आम्ही योगदानकर्त्यांत घातलीत. त्यांना कळवलं मात्र नाही."

ही यादी खुली आहे आणि कोणालाही पाहता येते. वाचकांनी आपले नाव अवश्य तपासून घ्यावे. नाव सापडले नाही तरी काळजीचे कारण नाही. यादीच्या तळाशी एक हसरा चेहरा आहे आणि तो दाबल्याशिवाय पान बंद होत नाही.