छपराला पडलेला पीळ

कमानीचं छप्पर म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी म्हणाले, आणि बाबांच्या समोर म्हणाले. बाबांच्या समोर बोललेली गोष्ट खडकीच्या आमच्या वसाहतीत अंधार पडायच्या आत सगळ्यांना ठाऊक असते.

वसाहतीतल्या विहाराला नवं सभागृह बांधायचं होतं. छप्पर जुन्या लेण्यांतल्या चैत्यासारखं कमानदार हवं, अशी कमिटीची इच्छा. आर्किटेक्ट म्हणून माझी ही पहिलीच स्वतंत्र इमारत. आणि ती मांडायची कोणासमोर? ज्यांनी मला फ्रॉकला नाक पुसताना पाहिलंय त्यांच्यासमोर! रविवारी, वंदना झाल्यावर.

शुक्रवारी ऑफिसात थ्रीडी मॉडेल करायला बसले. काम सोपं असतं. पुढच्या भिंतीवर एक कमान काढायची, मागच्या भिंतीवर दुसरी, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, या दोघींच्या मध्ये पत्रा ताणून बसव. मी सांगितलं. त्यानं बसवला. आणि स्क्रीनवर जे उभं राहिलं ते छप्पर नव्हतं, पिळलेला टॉवेल होता! दोन्ही टोकांना सुरेख कमान, आणि मधोमध गळा आवळल्यासारखी गाठ!

मी स्क्रीनचा फोटो काढला, 'हे बघ ना, काय झालंय!' असं लिहिलं आणि साइटवर गेलेल्या आयुषला पाठवला. आयुष माझा ऑफिसातला सहकारी, असल्या गुंत्यातला जाणकार. त्याचं उत्तर येईना. आलं ते बाबांचं.

"अप्रतिम! ग्रुपवर टाकलं."

आयुषच्या जागी मी फोटो बाबांना पाठवला होता!

वसाहतीच्या ग्रुपवर तोवर रंगराव काका पोचले होते. त्यांनी आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलेलं नाही. त्यांनी लिहिलं, "हे छप्पर आहे की धुणं?"

झालं! लेकीच्या छपराला धुणं म्हटलेलं बाबांना कसं खपणार? त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, "रंगराव, नीट बघा. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन आपल्या आजोबांनी आयुष्याला जे वळण दिलं, ते वळण आहे हे! एका टोकाला कालचा माणूस, दुसऱ्या टोकाला आजचा. आणि मधली ती गाठ म्हणजे सोसलेले दिवस."

वाचून माझ्याच अंगावर काटा आला. ग्रुपवर तर हात जोडलेल्यांची रांग लागली. सोजरबाई मावशींनी व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात शब्द कमी आणि हुंदके जास्त.

तेवढ्यात आयुष परत आला. त्यानं एकदा स्क्रीनकडे पाहिलं. "एक कमान डावीकडून काढलीस, दुसरी उजवीकडून. सॉफ्टवेअर सुरुवातीला सुरुवात जोडतं. दिशा उलटव."

दिशा उलटवली. पीळ सुटला, छप्पर सरळ झालं. पण बाबांना कोण सरळ करणार? मी लगेच फोन लावला.

"बाबा, त्या फोटोचं जरा..."

"अगं, सोजर मावशी म्हणाल्या, तुझी आई असायला हवी होती हे बघायला!" बाबांचा आवाज कापरा झाला होता.

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

रविवारी विहाराच्या फाटकाशी पोचले तर समोर फ्लेक्स! पुण्यात वाढदिवसाला कुत्र्याचाही फ्लेक्स लागतो, मग हे तर सभागृह. टॉवेल प्रवेशद्वाराएवढा मोठा, खाली अक्षरं: 'परिवर्तनाचं वळण. संकल्पना: आर्किटेक्ट चैताली'. पळून जावंसं वाटलं!

वंदना झाली. मी पडद्यावर सरळ छप्पर दाखवलं. कुजबुज सुरू झाली.

"वळण कुठं गेलं?" सोजर मावशींनी विचारलं.

पहिल्या रांगेतून बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी इस्त्रीचा नवा शर्ट घातला होता. 'वळण आतून आहे' असं काहीतरी ठोकून देता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण माणसं खरंच रडली होती, आणि त्यांना फसवायला मन होईना.

"मावशी, ते वळण नव्हतं. चूक होती. एक रेघ मी उलटी काढली, म्हणून छपराला पीळ पडला. तो फोटो चुकून गेला."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, मीही त्या मॉडेलसारखी मधोमध आवळली जातेय.

मग वसाहतीतल्या सगळ्यांत वयस्कर चंद्रभागा आत्या उठल्या. "पोरी, त्या पिळाच्या छपरात पाऊस आला, तर मधल्या लोकांनी काय करायचं?"

"मधे छप्परच नाही, आत्या. भिजायचं."

"मग सरळच बांध. परिवर्तन आम्ही करून बसलोय. छपरानं नुसतं छप्पर व्हावं!"

लोक इतके हसले की रंगराव काकांचेही दात दिसले. सरळ छपराला सगळ्यांनी हात वर केले.

घरी जाताना बाबा म्हणाले, "मी ते रंगरावचं तोंड बंद करायला लिहिलं होतं. मग बाकीचे लिहीत गेले आणि मलाच खरं वाटायला लागलं."

"पण ते खरंच होतं, बाबा. फक्त छपराबद्दल नव्हतं."

त्यांनी माझ्या डोक्यावर टप्पल मारली, आणि मला हलकं वाटलं.

सोमवारी मोठ्या दिमाखात मॉडेल स्ट्रक्चरल इंजिनियर नीरजाताईंकडे पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला.

"चैताली, छप्पर फार सुंदर झालंय हं!"

"थँक्यू, ताई!"

"ते ठेवायचं कशावर?"

छप्पर नीट दिसावं म्हणून मी खांब लपवले होते. ते परत दाखवायचे राहूनच गेले! बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. ते याचाही अर्थ लावतील.