अक्कांचा डावा खांदा

वसंत पगारे आमच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला गोष्टी वाचून दाखवायचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा डेमॉन्स्ट्रेटर होते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बेडूक मागवणं, बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलणं, पहिल्या वर्षाच्या मुलींना भोवळ येऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं, ही माझी कामं. सांगाडा कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात, कवटीतल्या हुकाला टांगलेला असायचा. दुपारी साडेबारा ते दीड प्रयोगशाळा रिकामी असे. एक दिवस डबा खाऊन मी लवकर परतले, तर आमचा शिपाई काशिनाथ झाडू घेऊन दाराबाहेरच उभा.

"आत का जात नाहीस?"

"आत बोलणं चाललंय, मॅडम."

"कोणाचं?"

"एकाचंच ऐकू येतंय. पण तो मधीमधी गप बसतोय, अन् मंग 'बरं, बरं' म्हणतोय."

मी दार ढकललं. कपाट उघडं होतं. समोर स्टुलावर शेवटच्या वर्षाचा एक काटकुळा मुलगा मांडीवर जर्नल उघडून बसला होता. मला पाहून तो उठला, पण बोट ओळीवरून हललं नाही.

"दोनच पानं राहिलीत, मॅडम. अक्कांना मध्येच थांबलेलं आवडत नाही."

"कोण अक्का?"

त्याने कपाटाकडे पाहून अदबीने मान लववली.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, की हा सांगाडा कलकत्त्याहून आलेला आहे, त्याला मराठी कळण्याचा संभव नाही.

"मलापण पहिल्यांदा तसंच वाटलं होतं," तो म्हणाला.

अशा माणसाशी वाद कसा घालणार?

वसंता रोज सकाळच्या गाडीने इगतपुरीहून यायचा, नाशिकरोडला उतरून शहर बस पकडायचा. गाडीत अभ्यास करायचा ठरवून निघायचा आणि कॉलेजात पोचेपर्यंत गोष्ट अर्धी झालेली असायची. वेगळी वही ठेवली तर घरी वडील जाळतील म्हणून जर्नलमधल्या आकृत्यांसाठी सोडलेल्या कोऱ्या पानांवर तो लिहायचा. उजवीकडे बेडकाची पचनसंस्था, डावीकडे बंद खोलीतली बाई. आकृती आडवी आली की गोष्ट तिला वळसा घालून पुढच्या पानावर जायची. आमचे सर न बघता सह्या करत. त्यामुळे त्याच्या निम्म्या गोष्टींखाली लाल शाईत 'तपासले' असं लिहिलेलं होतं.

मी दोन-तीन चाळल्या. भूत कुठेच नव्हतं. प्रत्येक गोष्टीत एक माणूस बंद खोलीत पडून असायचं आणि बाहेरून जाणाऱ्या प्रत्येकाला पावलांवरून ओळखायचं. शेवटी एक अनोळखी पाऊल यायचं आणि दाराशी थांबायचं. बस्स. मी सहजासहजी भिणारी नाही, पण वाचून झाल्यावर मी एकदा दाराकडे पाहिलं, हे खरं.

पुढे तो मला रोजचं वर्तमान सांगू लागला. "अक्कांना आज करमत नाहीये." "अक्का म्हणतात, मधला भाग पाल्हाळ झालाय." एकदा म्हणाला, "अक्कांचा डावा खांदा लय ठणकतोय."

यात चमत्कार काही नव्हता. सांगाड्याचं डाव्या बाजूचं क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, सुरुवातीपासूनच नव्हतं. रजिस्टरमध्ये तशी नोंद होती. तिथे नुसती तार लोंबत असायची, ती कोणालाही दिसत होती.

हुकाचं मात्र मला कोडं होतं. तो सैल होता, वारा आला की सांगाडा फिरायचा आणि खिडकीकडे तोंड करून थांबायचा. वसंता वाचायला बसला की स्टुलाकडे फिरायचा. मी हूक घट्ट केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर स्टुलाकडेच. तेव्हापासून काशिनाथने त्या कोपऱ्यात झाडू मारणं सोडलं.

एका परीक्षेत वसंता प्रॅक्टिकलमध्ये नापास झाला होता. दुसऱ्या खेपेच्या आधी त्याचे वडील मला भेटायला आले. रेल्वेत गँगमन, निळा सदरा, हातात टोपी.

"बाई, ह्या बारीला पास झाला तर शाळेत चिकटंल कुठंतरी. नाय झाला तर रेल्वेतच खलाशी म्हणून त्याचं नाव दिलंय. मग कॉलेज बंद, अन् ते लिहिणं बी बंद. घरात एक माणूस आंथरुणावर हाय. मला आता ओढवत नाय."

मी वसंताला बोलावून दम भरला. परीक्षा होईपर्यंत गोष्टी बंद. त्याने मान डोलावली आणि कपाटापाशी जाऊन हळूच काहीतरी सांगितलं. रजा मागितली असावी.

प्रॅक्टिकलमध्ये स्पॉटिंग असतं. टेबलांवर नमुने मांडायचे, घंटा झाली की मुलांनी पुढच्या नमुन्यापाशी सरकायचं, ओळखून नाव लिहायचं. मांडणी माझ्याकडे होती. सातव्या नंबरला मी सुट्या हाडांच्या पेटीतलं एक क्लॅव्हिकल ठेवलं. ती पेटी वेगळ्या खरेदीतली, कपाटाशी तिचा काही संबंध नव्हता.

दुपारी बाहेरगावचे परीक्षक पेपर तपासताना एकदम थांबले. "मॅडम, हे काय आहे?"

सातव्या नंबरसमोर वसंताने मराठीत लिहिलं होतं : 'अक्कांचं आहे. डावं. कृपया परत लावावे.'

"माझी थट्टा चालवलीय का?" परीक्षकांनी लाल पेन उचललं.

हा भोपळा पडला तर वसंता काठावरून खाली जात होता. मी म्हटलं, "सर, बाकीच्यांनी नुसतं हाड ओळखलंय. चौघांनी तर बरगडी लिहिलंय. डावं की उजवं, हे सांगणारा हा एकटाच आहे. बोलावून विचारा तरी."

वसंता आला.

"या हाडाचं नाव काय?"

"क्लॅव्हिकल, सर."

"मग ते का नाही लिहिलं?"

"घंटा झाली, सर. महत्त्वाचं आधी लिहिलं."

"डावं कशावरून?"

चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीकडे, खाच खालच्या अंगाला. हाड आपल्याच गळ्याखाली धरून त्याने भराभर सगळं दाखवलं, एक चूक नाही. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी बरण्यांकडे. त्यांनी मार्क दिले.

सगळे गेल्यावर मी ते हाड उचलून कपाटापाशी गेले. नुसती शहानिशा म्हणून. हाडाच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं होती. लोंबणारी तार त्यांतून सरळ गेली. खांदा सांध्यात नीट बसला.

"भोकं सगळ्याच हाडांना पाडत असतील," मी काशिनाथला म्हटलं.

त्याने दारातूनच पेटीकडे बोट केलं. "बाकीच्या एकाला बी नाय, मॅडम. मी बघितलंय."

वसंता पास झाला. घोटीजवळच्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन आला. एक मला, एक काशिनाथला, एक कपाटात. जाताना मी विचारलंच, "खरं सांग, हे काय खूळ होतं?"

"मॅडम, घरी माझी मोठी बहीण आहे, माई. तापात वाचा गेली तिची, अंगही लुळं पडलं. मला वाचायला तिनेच शिकवलेलं. आता सगळं मी तिच्यासाठीच लिहितो. पण गोष्ट कंटाळवाणी झाली, तर तिला सांगता येत नाही, उठूनही जाता येत नाही. म्हणून आधी इथं वाचून बघायचो."

"आणि अक्का सांगायच्या?"

"उत्तर न देणाऱ्या माणसाचं कळायला लागतं, मॅडम. सवयीने."

वर्षभराने टपालाने एक मासिक आलं. पाकिटावर पत्ता : 'अक्का, प्राणिशास्त्र विभाग.' आत वसंताची छापून आलेली पहिली गोष्ट. काशिनाथने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि तो चहाला म्हणून जो गेला, तो तासभर आलाच नाही.

दुपारचे पाऊण वाजले होते. मी दार लावलं, कपाट उघडलं, स्टूल ओढलं आणि गोष्ट पहिल्यापासून मोठ्याने वाचली. मधे एकदा हूक कुरकुरला. मी वर पाहिलं नाही.

त्याच दिवशी वसंताला कार्ड टाकलं : 'अक्कांना गोष्ट आवडली. शेवट लांबला आहे.'

उलट टपाली उत्तर आलं. एकच ओळ.

'माईपण तेच म्हणाली.'

मी कार्ड रजिस्टरमध्ये ठेवलं आणि दुपारच्या बॅचचे बेडूक बाहेर काढले.