सर्व गावांना कळविण्यात आले आहे

धरणातून पाणी सोडण्यापूर्वी काठच्या गावांना मोबाईलवर सावध करण्यात यावे, असे ठरले. ते काम भोरमधल्या एका खासगी कंत्राटदाराकडे, म्हणजे त्याच्याकडे नोकरीला असलेल्या कुमारकडे आलं.

कुमार हुशार. एकेका गावाला मेसेज पाठवत बसणं त्याला कमीपणाचं वाटे. त्याने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली. सगळ्या गावांची कामं एकदम बॅकग्राउंडला सोडायची आणि शेवटी एकच ओळ, ‘वेट’. सगळी कामं परत येईपर्यंत थांबायचं. ती आली, की पडद्यावर उमटे, ‘सर्व गावांना कळविण्यात आले आहे.’ कोण काय करून आलं, हे ती ओळ विचारत नसे. कुमारलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

पाणी सोडायचं होतं त्या दिवशी सारोळ्याचं काम सगळ्यात आधी परत आलं. सारोळं त्याचंच गाव, त्यामुळे त्याला अभिमान वाटला. खरं तर ऑफिसात नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवर सारोळ्याचे नंबर टाकायचेच तो विसरला होता आणि ते काम हात हलवत परतलं होतं.

तिकडे नदीवर शेजारचा गेनू कुमारच्या वडलांना म्हणाला, “नाना, तुमची पंपाची मोटार वर काढू का? पाणी चढतंय.”

“दम धर की. आमच्या कुमारच्या मेसेजबिगर पाणी येतंय व्हय?”

पाणी आलं. मोटार गेली.

कुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरातीमागून का होईना, त्याने घोडं आणलं. आता स्क्रिप्ट प्रत्येक कामाला वेगळं थांबून विचारू लागली, ‘झालं का?’ पहिल्याच चाचणीत तीन गावं ‘नाही’ म्हणाली.

कंत्राटदारसाहेब भडकले. “मागच्या वेळी एकही गाव राहिलं नव्हतं. तुमच्या सुधारणेने तीन राहिली?”

कुमारने शेपूट घातलं आणि जुनी ओळ परत बसवली. कामगिरी पूर्ववत समाधानकारक झाली.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. “नाना, बरंय ना सगळं?”

“व्हय.” नाना पुढे सांगू लागले. “गेनूची जुनी मोटार सोडलीया नदीत. आता येतोय न्हवं तुजा मेसेज...”

पण ‘व्हय’ ऐकताच कुमारने फोन ठेवला होता.

हसू नका. गावाकडच्या शेवटच्या फोनवर तुम्ही ‘हो’च्या पुढचं काय ऐकलं होतंत?